सुमनचे चार

शेवटच्या संध्याकाळी आम्ही रोजचंच काम केलं. सुमन पॅसेजमध्ये सतरंजी टाकून पालथी पडली, छऱ्याची बंदूक खांद्याला लावली आणि मी नळीच्या टोकावर रुपया ठेवला. बंदुकीत छर्रा नसायचा. न्हाणीच्या दारावर पेनानं काढलेला एक ठिपका होता. त्याच्यावर नेम धरायचा, घोडा दाबायचा, आणि रुपया पडता कामा नये. पोलिसातून रिटायर होऊन इतकी वर्षं झाली, आता कुठली स्पर्धा नाही, बघायला कोणी नाही, तरी रोज. मी म्हणायचो, "हे दार तुला मेडल देणार आहे का?" ती उत्तर द्यायची नाही, कारण श्वास धरलेला असायचा. त्या दिवशी रुपया पडला नाही. मी तो उचलून खिशात टाकला आणि दूध आणायला गेलो. रात्री तिनं भात थोडा कमी खाल्ला. सकाळी ती उठली नाही.

पुण्यानुमोदन झालं, पाहुणे गेले, आणि मला घरात बसता येईना. सकाळी चहा घेतला की बाहेर पडायचो. सातपूरची बस आली तर सातपूर, अंबडची आली तर अंबड. शेवटच्या थांब्यापर्यंत जायचं, उतरायचं, त्याच बसनं परत. मुलगी रेखा म्हणाली, "बाबा, तुम्ही कंडक्टर झालात का?" झालो असतो तरी बरं होतं, निदान ओरडायला मिळालं असतं.

त्या दिवसांतच मी भोपाळला जाऊन आलो. कॉलनीच्या वाचनालयाच्या अंकासाठी त्याबद्दल लिहा, असं रेखानंच सांगितलं. चौथी शिकलो, जन्मभर टेम्पो चालवला. जसं झालं तसं लिहितो.

पिंपळगाव बसवंत

नानाचा फोन आला तो द्राक्षाच्या दिवसांत. नाना म्हणजे पोलिसातला जुना हवालदार. चांदमारीवर टार्गेट लावणं, उतरवणं, कागदावरची भोकं मोजणं हे त्याचं काम. दर वर्षी सुमनकडून राखी बांधून घ्यायचा, म्हणून मी त्याचा दाजी. रिटायर झाल्यापासून पिंपळगावला एका कोल्ड स्टोरेजवर रखवालदार आहे. फोनवर म्हणाला, इकडं या, हे फोनवर सांगायचं नाही.

गेलो. बाहेर ऊन असं की डांबर चपलेला चिकटत होतं, आणि नाना दारात कॅरेटवर बसलेला, अंगात स्वेटर आणि डोक्यात माकडटोपी. आत थंडीत सारखं जावं लागतं म्हणून काढतच नाही म्हणे. पॅकहाऊसमध्ये डोक्याला टोप्या बांधलेल्या बायका कात्रीनं घडातले बारके मणी काढत होत्या. ज्या गावात मी जन्मभर माल भरला, तिथला वास आला की माझा हात आपोआप गिअर शोधतो. पण त्या दिवशी वासानंही मला बसवेना. मी उभ्यानंच विचारलं, काय ते सांग.

"भोपाळला पोलिसांच्या स्पर्धा हायेत," नाना म्हणाला. "देशभरच्या. राजस्थानची एक बाई लय भारी मारतीये. आपल्या टीमचा मास्तर सांगत होता, यंदा पालथ्याचा रेकॉर्ड जातोय."

"कोणता रेकॉर्ड?"

"किती रेकॉर्ड हायेत, दाजी? एकच ना."

एकच. सुमनचा.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. सुमन लग्नानंतर पोलिसात लागली. पहिल्या चांदमारीला जुनी जड रायफल हातात दिली. खांदा निळा पडला आणि सगळ्या गोळ्या मध्ये. उस्तादला वाटलं शेजारच्यांच्या गोळ्या हिच्या कागदावर पडल्या, म्हणून बाकीच्यांना उठवून हिला एकटीला परत मारायला लावलं. परत मध्ये. तेव्हा पोलिसात बायकांनी टायपिंग करावं, बंदोबस्तात उभं राहावं एवढंच होतं. पण उस्ताद शहाणा निघाला. त्यानं बारीक गोळीची रायफल मिळवून दिली, पुण्याला कॅंपला पाठवलं. मग राज्य, मग देश, एकदा परदेशसुद्धा. परदेशाहून तिनं हॉटेलातल्या साबणाच्या वड्या आणल्या होत्या. मेडल आलं नव्हतं, साबण मात्र वर्षभर पुरला.

रेखा झाली तेव्हा पालथं पडता येत नव्हतं म्हणून उभ्यानं सराव केला. रेखा रांगायलाही लागली नव्हती तेव्हा ही परत मैदानावर. मी टेम्पोच्या सीटवर पोरीला झोळीत घालून माल पोहोचवायचो. बाजार समितीत लोक म्हणायचे, ह्याची बायको बंदूक चालवते आणि हा पाळणा. म्हणू दे. पैसे दोघं कमवत होतो, झोप दोघांनाही नव्हती.

रेकॉर्ड झाला तो हैदराबादला. पालथं पडून साठ गोळ्या मारायच्या, एका गोळीला जास्तीत जास्त दहा, म्हणजे सगळे सहाशे. ती घरी आली, कप परकरात गुंडाळलेला, पिशवी खाली ठेवली आणि म्हणाली, "चार गेले." आमच्या घरात किती मिळाले असं कधी कोणी बोललं नाही. किती गेले तेच. सहाशेतले चार गेले. देशातल्या कुठल्याही पोलीस बाईचे त्याहून कमी गेले नव्हते.

आणि मी तिला स्पर्धेत एकदाही पाहिलं नाही. येऊ द्यायची नाही. म्हणायची, तुम्ही मागं असलात की मला तुमचा श्वास ऐकू येतो, माझा चुकतो.

नानानं विचारलं, जायचं का. मी म्हटलं जायचं. त्या राजस्थानच्या बाईचं कौतुक करायला मी निघालो नाही. ती चुकावी म्हणून निघालो. सुमन गेली, ते माझ्या हातात नव्हतं. तिच्या मागं हेही जाणार असेल, तर निदान समोर बसून बघायचं होतं.

गाडीतलं थोडंसं

नाशिकरोडला गाडीत बसलो तेव्हा नानाच्या काखेत काळ्या द्राक्षाची पेटी होती. परदेशी पाठवायच्या मालातून बाजूला काढलेली, मणी थोडे लहान म्हणून. ती त्यानं वरच्या बर्थवर ठेवली. भुसावळच्या पुढं तिच्यातून थेंब गळायला लागले, आणि खालच्या बर्थवरच्या एका सद्गृहस्थाचा पांढरा शर्ट पाठीवर गुलाबी झाला. त्यांना वाटलं वरच्या माणसाला काही दुखापत झाली. ते घाबरून उठले, मग चिडले, मग आम्ही द्राक्षं दिल्यावर खाल्ली. खंडव्यापर्यंत त्यांनीच अर्धी पेटी संपवली.

मला एका जागी बसवत नव्हतं. मी दारात जायचो, परत यायचो. नाना म्हणाला, दाजी, तुम्ही भोपाळपर्यंत चालतच जाताय. इटारसीनंतर नर्मदा आली. अख्खा डबा उठून उभा राहिला, नानानं हात जोडले. मी जोडत नाही. पण पाणी बघितलं. आमची गोदावरी उन्हाळ्यात अंग चोरून असते. हे पाणी रुंद होतं आणि घाईत नव्हतं. मग घाट लागला, सागाची पानं गळून गेलेली झाडं, लाल माती, मध्येच पळसाला फुलं. हरसूल-पेठकडचा डोंगर वाटावा, फक्त भात लावायच्या पायऱ्या नाहीत.

भोपाळ

भोपाळात सकाळी लोक पोह्यावर शेव टाकतात आणि सोबत जिलबी खातात. एकाच ताटलीत नाही, पण एका हातात पोहे, दुसऱ्या हातात जिलबी. आमच्याकडं सकाळी मिसळ खाऊन नाक गळतं, डोळे गळतात, मग माणूस जागा होतो. इथं गोडानं उठवतात. नानाला हे पटलं नाही. त्यानं पोहेवाल्याकडं लाल मिरची मागितली. पोहेवाल्यानं आजारी माणसाकडं बघावं तसं बघितलं.

लॉज तलावाच्या अंगाला होता. तळ्याला इथं तलाव म्हणतात, पण पलीकडचा काठ दिसत नाही. सगळ्या टीमांचे नातेवाईक आजूबाजूच्या लॉजात उतरलेले. आमच्या शेजारच्या खोलीत एक म्हातारी होती, धापूबाई नावाची, मारवाडातली. मोठा घागरा, तोंडावर पूर्ण पदर, आणि मांडीवर दीड-दोन वर्षांचा नातू. आम्ही दोघं म्हातारे दिसलो की पदर आणखी खाली. आणि त्या पदराच्या आत ती बिडी ओढायची. पदरातून धूर यायचा. नाना मला म्हणाला, "दाजी, ही बाई पेटली का काय?"

पण बोलायला मोकळी होती. पदर तोंडावर, बोलणं नाही. सून पोलिसात आहे, नेमबाज आहे, पोराचं दूध सुटलं नाही म्हणून सासूला सोबत यावं लागतं. आधी जोधपूर, मग इंदूर, आता इथं. आपण जन्मात गाव सोडलं नव्हतं, या सुनेपायी रेल्वेचं टाइमटेबल पाठ झालं. मला तिनं थेट विचारलं, घरी कोण गेलं? मी म्हटलं, तुला कसं कळलं. ती म्हणाली, सारखे उठताय, बसताय, दोरी सुटलेल्या जनावरासारखं.

मग तिनं विचारलं, तुमच्यात बारा दिवसांनी थोरल्या मुलाला पगडी बांधतात का. मी म्हटलं नाही, आमच्यात बुद्धवंदना होते, गावाला जेवण देतात, फोटोपुढं मेणबत्ती. ती म्हणाली, तिचा नवरा गेला तेव्हा तिला कित्येक महिने कोपऱ्यात बसवलं होतं, आंगणसुद्धा नाही. "तुम्हाला बरंय," म्हणाली, "तुम्ही पुरुष. बायको मेली तरी बस पकडता येते." माझ्याकडं ठेचा आणि भाकरी होती ती पुढं केली. तिनं ठेचा खाल्ला, पदराच्या आत खोकली, आणि अजून मागितला.

सुनेचं नाव संतोष, हे बोलता बोलता कळलं; मास्तरनं नानाला सांगितलेलं नाव तेच. नानानं माझ्या पायावर पाय दिला. मी त्याच्याकडं बघितलं नाही. पोरगा माझ्या चपलेशी खेळत होता. ज्या बाईनं चुकावं म्हणून मी एवढ्या लांब आलो, तिचा हा मुलगा, आणि माझ्याच हातची भाकरी तो चोखत होता.

चांदमारी

दुसऱ्या दिवशी सकाळी मैदानावर. दारात शिपायानं नानाची तंबाखूची चंची काढून घेतली. नाना त्याला सांगत होता की मी खात्यातला माणूस हाय, पण शिपाई पंचविशीतला, त्याला नाना काय आणि नळाचा प्लंबर काय, सारखेच.

मी मनात धरून आलो होतो मातीचा बंधारा, बांबू, कागद, लाल झेंडा. इथं लांबलचक हॉल, वर पंखे, आणि पन्नास मीटरवर कागदच नाही. प्रत्येक नेमबाजाच्या मागं वरती टीव्ही लटकवलेला. गोळी सुटली की टीव्हीवर ठिपका आणि शेजारी आकडा. नाना मान वर करून एकेक टीव्ही बघत फिरला. जन्मभर भोकं बघितलेला माणूस, त्याला तिथं बघायला भोकच नव्हतं.

पंचांत एक नागपूरच्या मॅडम होत्या. मराठी ऐकून जवळ आल्या. मी सरळ विचारलं, माझी बायको सुमन, तिचा पालथ्याचा रेकॉर्ड आहे, तो आज जाणार का? त्यांनी नाव ओळखलं. हात जोडले. म्हणाल्या, "काका, तो नाही जाणार. तो कधीच जाणार नाही."

मला आधी बरं वाटलं. मग त्यांनी समजावलं. पूर्वी दहा म्हणजे दहा. आता दहाच्या आतसुद्धा दहा भाग केलेत. कडेला नुसती चाटून गेली तर दहा पॉइंट शून्य, मधोमध गेली तर दहा पॉइंट नऊ. तसेच साठ गोळ्यांचे मिळवतात. मोजणंच बदललं, म्हणून जुने रेकॉर्ड आहेत तिथं बंद केले. आता जो मोडेल म्हणतात तो नव्या मोजणीतला, तो दुसऱ्या कोणाचा. आमच्या मास्तरनं रेकॉर्ड म्हटलं, आणि आम्ही दोघं म्हाताऱ्यांनी धरलं सुमनचाच. आमच्यासाठी दुसरा नव्हताच.

मी खुर्चीत बसलो. मोडणार नाही हे ऐकायलाच तर आलो होतो. पण मॅडमनी ते ज्या मायेनं सांगितलं, ती मला नको झाली. मोडू शकत नाही म्हणजे कोणी त्याच्या मागं नाही. कोणी सकाळी उठून त्याच्यासाठी घाम गाळत नाही. बंद घराला कुलूप घालून किल्ली विहिरीत टाकावी, आणि घर किती सुरक्षित म्हणावं, तसलं.

मी नानाला म्हटलं, "तू मोज."

"काय मोजू?"

"जुन्या पद्धतीनं. पॉइंट सोडून दे. दहा की नऊ एवढंच. नऊ गेली की माझ्या गुडघ्यावर हात मार."

नानानं माकडटोपी काढून मांडीवर ठेवली, अगदी ड्यूटीवर असल्यासारखी. पाच थापा झाल्या तर संतोष हरली. चार झाल्या तर बरोबरी, आणि बरोबरीनं रेकॉर्ड मोडत नाही. तीनच झाल्या तर सुमनचा मोडला. मोडला तरी तो आम्हा दोघांनाच कळणार होता.

धापूबाई आमच्या मागच्या रांगेत, बिडीविना कासावीस. संतोष आमच्या समोरच्या गादीवर पालथी. जाड कॅनव्हासचं जाकीट, हाताला पट्टा आवळलेला, पाय वाकडा. मला तिचं तोंड दिसत नव्हतं, फक्त पाठ. श्वास घेतला की पाठ वर, सोडला की खाली, मग थांबायची, आणि त्या थांबण्यात टप्. बारीक आवाज, ज्वारीची लाही फुटावी एवढा. हे मी कधी पाहिलं नव्हतं. सुमनची पाठ अशीच वरखाली होत असणार देशभर, आणि मी तेव्हा कुठंतरी ताडपत्री बांधत होतो.

पहिल्या गोळ्या सवयीच्या, त्या धरत नाहीत. मग खऱ्या सुरू झाल्या. दहा, दहा, दहा. नानाचा हात माझ्या गुडघ्यावर पडला. मी मनात म्हटलं, गेली एक. बरं वाटलं. मग बराच वेळ काही नाही. दुसरी थाप पडली तेव्हा बरं वाटलं नाही. तिसरी पडली तेव्हा मी नानाकडं असं बघितलं की जणू त्यानंच गोळी मारली. मागं पोरगा रडायला लागला. संतोषची पाठ एकदम ताठ झाली. तिनं रायफल खाली घेतली, थांबली. धापूबाई त्याला घेऊन बाहेर पळाली. मी गुडघे घट्ट धरून बसलो होतो. मी श्वास रोखला होता. त्या बाईला ऐकू जाऊ नये म्हणून.

शेवटच्या दहा उरल्या. संतोष परत लागली. दहा, दहा. मग एक गोळी, ठिपका काठावर, आकडा आला दहा पॉइंट शून्य.

नानाचा हात माझ्या गुडघ्यावर पडला.

मी टीव्हीकडं बघितलं, नानाकडं बघितलं. तो समोर बघत होता. नंतरच्या सगळ्या दहा गेल्या. वेळ संपली. नव्या मोजणीत संतोष चौथी आली. तिच्या नऊच्या गोळ्या कमी होत्या, पण दहाच्या काठाकाठाच्या, आणि पुढच्या तिघींच्या मधोमध. मेडल नाही. ती जाकिटाचे पट्टे सोडत होती आणि रडत होती, आवाज न करता, नाक बाहीला पुसत.

चहा

तलावाच्या काठाला चहाची गाडी होती. दोन चहा सांगितले.

"चार," नाना म्हणाला. "बरोबरी. ताईचा तसाच राहिला."

मी म्हटलं, "नाना, चौथी थाप मारलीस ती गोळी दहा होती. लिहून आली समोर."

"यंत्रानं दिली. कागदावर ती नऊच गेली असती. मी जन्मभर काय केलं, दाजी? रेघेला लागली का नाय लागली, एवढंच बघितलं. ती नव्हती लागली."

"टीव्हीवरनं तुला कळलं?"

नाना चहा न पिता ग्लास फिरवत राहिला. मग म्हणाला, तुम्हाला ताईनं हैदराबादचं कधी सांगितलं नाय वाटतं. मी म्हटलं काय. तेव्हा त्यानं सांगितलं. हैदराबादला सुमनची एक गोळी अशीच काठावर होती. भोकात गेज, म्हणजे मापाची बारीक दांडी, घालून बघतात; दहाच्या रेघेला लागलं तर दहा, नाही तर नऊ. नानाच्या डोळ्याला ती लागत होती. पंचांनी गेज घातला, काढला, नऊ लिहिलं. नाना हवालदार, पंच साहेब. टीमच्या मास्तरनं हरकत घ्यायची म्हटलं, तर सुमननं त्याला थांबवलं, म्हणाली जाऊ दे, जेवायला चला.

"तीनच गेले होते ताईचे," नाना म्हणाला. "चौथा त्यांनी खाल्ला. ताईला काठावरची दिली नाय, मग हिला का द्यायची? तुम्ही कोणाकडून आलेत? मी ताईकडून आलोय."

एवढी वर्षं एका छताखाली, आणि हे मला माहीत नव्हतं. मी तो ग्लास तिथंच ठेवला आणि तलावाच्या कडेनं चालायला लागलो. किती चाललो माहीत नाही. म्हशी पाण्यात बसल्या होत्या, पोरं गळ टाकून बसली होती, सगळं जग बसलेलं. नानाचं खोटं नव्हतं. सुमनवर झाला तो अन्याय होता, आणि तो फेडायची संधी आम्हाला मिळाली होती, फुकट, कोणाला न कळता. चार म्हणायचं आणि गाडीत बसायचं. मी येताना हेच मागत आलो होतो.

पण सुमन घरी येऊन काय म्हणाली होती? तीन गेले आणि एक चोरला, असं नाही म्हणाली. चार गेले म्हणाली, आणि परकर झटकून कप काढला. तिनंच ते चार आपल्या अंगावर घेतले होते. मी ते आता तिच्याकडून काढून कोणावर टाकू?

परत आलो तर नाना तिथंच होता, माझा चहा पिऊन टाकलेला.

मी म्हटलं, "मी उद्या संतोषला सांगणार, तिचे तीनच गेले."

"काय गरज हाय? तिला ताई माहीत पण नाय."

"म्हणूनच."

नाना उठला. "तुमची बायको होती, दाजी. तुम्हाला पायजे तसं करा." मग रात्रीच्या जेवणाला तो माझ्याबरोबर आला नाही.

निघायच्या दिवशी

सकाळी लवकर आवरलं आणि राजस्थानच्या टीमची गाडी लॉजसमोर लागली होती तिथं गेलो. पेट्या चढत होत्या. धापूबाई पुढच्या सीटवर पोराला घेऊन बसलेली, पदर पूर्ण खाली. संतोष खाली उभी, रायफलची पेटी पायांच्या मध्ये, डोळे सुजलेले. जवळून बघितलं तर साधी बाई, तिशीची, कोपरावर घट्टे पडलेले. सुमनला तिथंच होते.

माझं हिंदी टेम्पोचं हिंदी. मी सांगितलं, माझी घरवाली तुझ्यासारखीच पोलिसात होती. पालथ्याचा जुना रेकॉर्ड तिचा. आता कोणी मोजत नाही, पण काल आम्ही जुन्या पद्धतीनं तुझं मोजलं. तिचे चार गेले होते. तुझे तीन.

तिनं पेटी उचलली नाही. बोटांवर काहीतरी मोजलं. मग म्हणाली, "बाबा, आखिर में जो किनारे पे थी, वो भी दस गिनी?"

"गिनी."

"मुझे तो छूटते ही नौ लगी थी."

माझ्या मागं नाना उभा होता. कधी आला मला कळलं नाही. पिशवी खांद्याला, माकडटोपी डोक्यात. तो काही बोलेल म्हणून मी थांबलो. त्यानं पिशवी दुसऱ्या खांद्यावर घेतली. ड्रायव्हरनं हॉर्न दिला. संतोष तशीच उभी, ती गोळी मी धरत नाही म्हणावं याची वाट बघत असल्यासारखी. खरी नेमबाज होती, स्वतःच्या गोळीलाही सूट देत नव्हती.

मी म्हटलं, "मशीन दस बोला. मैं भी दस बोलता. सुमन के चार, तेरे तीन. घे आता आणि गाडीत बस, आम्हालापण आमची गाडी गाठायचीय."

घे आता हे मराठीतच गेलं. तिला ते कळलं. तिनं पेटी उचलली आणि गाडीत चढली.